पुस्तकांच्या यादीसाठी अख्खं पान कॅनव्हासवर रंगवायचं? मला नाही पटत

रामबागवाला
आमच्या इंदूरच्या एका मराठी वाचनालयाची सूची एका उत्साही पोराने फ्लटरमध्ये (गूगलचं अ‍ॅप बनवायचं साधन) करून दिली. फुकट, सुट्टीचे दिवस घालवून. उपकार आहेतच. पण काल ग्रंथपाल काकूंनी सवयीने कंट्रोल-एफ दाबून 'कुलकर्णी' टाकलं, तर ब्राउझर म्हणतो ०/०. आणि कुलकर्णी समोर ढळढळीत दिसतायत! काकू म्हणाल्या, "अरे, हा तर फोटो आहे."

निदान अचूक. ब्राउझरच्या लेखी त्या पानावर मजकूर नाहीच, नुसते कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्रं काढायच्या कोऱ्या चौकटीवर, रंगवलेले ठिपके. स्किया हे चित्रं काढणारं सी-प्लस-प्लसमधलं इंजिन वेबअसेंब्लीत (असा कोड ब्राउझरमध्ये चालवायचं रूप) उतरवून पानासोबत धाडलेलं असतं, तेच सुमारे १.५ एमबी. दोन हजार नावं दाखवायला एवढा लवाजमा कशाला? वाचायच्या पानाला साधं एचटीएमएल पुरतं.

पलासिया_कोडर
तो उत्साही पोर मीच, भिया. आधी फोनवर तरी सांगायचंस!
सभासद बहुतेक मोबाइलवाले. एकदा लिहिलं की अँड्रॉइडचं अ‍ॅप आणि वेब, दोन्ही निघतं. एचटीएमएलची वेगळी आवृत्ती केली तर ती सांभाळणार कोण, तू? फ्लटरने स्वतःचा एचटीएमएल रेंडरर (पान एचटीएमएलमध्ये दाखवणारा भाग) २०२५ मध्ये काढूनच टाकला, म्हणजे माझ्या हातात कॅनव्हासच उरतो. आणि फिग्मा बघ, ते ब्राउझरमधलं डिझाइनचं साधन. २०१७ मध्ये वेबअसेंब्लीवर गेले आणि उघडायला लागणारा वेळ एक-तृतीयांशावर आला.

रामबागवाला
फिग्मात लोक चित्रं काढतात, राजा. तिथे कॅनव्हास हवाच. आपल्याकडे काकू यादी वाचतात.

छप्पनवरचा
गूगल डॉक्सनेही २०२१ मध्ये कॅनव्हासवर जायचं जाहीर केलं होतं. तो तर निव्वळ मजकूरच ना?

रामबागवाला
हो, पण ती गोष्ट कॅनव्हासची, वेबअसेंब्लीची नव्हे. दोन्ही एकाच पातेल्यात ढवळू नका. शिवाय शोध, निवड, स्क्रीन रीडर हे सगळं त्यांनी स्वतः परत बांधलं. तेवढी माणसं आहेत त्यांच्याकडे. आपल्याकडे एक पोर आणि त्याचा रविवार.

नारायणबाग_ताई
मला यातलं तांत्रिक कळत नाही. बाबांना दिसत नाही, ते स्क्रीन रीडरवर ऐकतात. ही सूची उघडली की रीडर एवढंच बोलतो: "एनेबल अ‍ॅक्सेसिबिलिटी, बटण." बाबांनी दोनदा ऐकलं आणि फोन ठेवून दिला. इंग्रजीतलं ते बटण दाबायचं असतं हे त्यांना कोण सांगणार?

पलासिया_कोडर
ताई, ही माझी चूक. फ्लटर ती सोय सुरुवातीला बंद ठेवतं, पण एका ओळीत आधीच चालू करता येते. आज रात्री टाकतो.

छप्पनवरचा
आणि ते चौकोन? नेट मंद असलं की आधी सगळी नावं चौकोनी डब्यांत दिसतात, मग अक्षरं उमटतात. मला वाटलं, मोबाइल गेला.

पलासिया_कोडर
इथे फोनमधला फॉन्ट वापरला जात नाही. देवनागरीचा नोटो फॉन्ट नंतर खाली उतरतो, तोवर डबे. अ‍ॅपसोबतच फॉन्ट बांधून दिला की जातील.

रामबागवाला
म्हणजे वजन आणखी वाढलं! जे ब्राउझर फुकट देत होता ते एकेक करून तू पाठीवर घेतोयस. कंट्रोल-एफचं काय?

पलासिया_कोडर
वर शोधाची चौकट आहे की. कंट्रोल-एफपेक्षा बरी, आडनावाच्या दोन-तीन अक्षरांवर शोधते. ती कोणी बघतच नाही.

रामबागवाला
काकूंना विचारलं. चौकट त्यांनी पाहिली आहे. पण आज सकाळपासून त्यांनी जुनी एक्सेलची फाइल उघडून ठेवलीय, आणि मला म्हणाल्या, त्या पोराला सांगू नकोस, वाईट वाटेल त्याला.

पलासिया_कोडर
सांगितलंस की आता. ती फाइल पाठव, त्यातून साधं एचटीएमएलचं एक पान काढून देतो. पण अ‍ॅप राहणार.