कपॅसिटिव्ह मॉइश्चर सेन्सरचं तांबं गंजतंय, कोटिंग कसं करावं?

निपाणी_ऊस: निपाणीजवळ काळं रान, ऊस, ड्रीपमधून युरिया आणि पांढरं पोटॅश. रेझिस्टिव्ह सेन्सरचं (मातीतून करंट सोडून ओल मोजणारा) एक टोक झडलं म्हणून बाजारातला ५५५ टायमर चिपवाला कपॅसिटिव्ह (झाकलेल्या तांब्यानं, मातीत करंट न सोडता ओल मोजणारा) लावला. आता रान वाळलं तरी ओलंच दाखवतोय, कडेला हिरवट डाग आलाय. वर नेलपॉलिश होती. स्वतःचा बोर्ड करून घेतला तर काय बदलावं?

चिकोडी_सर्किट: रेझिस्टिव्हमध्ये डीसी करंटमुळे धन टोक विरघळतं, ते होणारच. तुमच्या कपॅसिटिव्हचा डाग कडेला आहे, म्हणजे दोष कापलेल्या कडेचा. तिथं बोर्डातले काचेचे धागे उघडे असतात, वातीत तेल चढावं तसं पाणी चढतं आणि तांब्याला पोचतं. मग गळती करंट सुरू होतो, सर्किटला ती ओलच वाटते.

नवीन बोर्डात तांबं कडेपासून किमान ३ मिमी आत ठेवा, मातीत जाणाऱ्या भागात एकही व्हाया (थर जोडणारं तांब्याचं छिद्र) नको. तांब्याच्या चार लेयरचा (थरांचा) बोर्ड परवडत असेल तर इलेक्ट्रोड, म्हणजे ओल मोजणारे तांब्याचे पट्टे, आतल्या लेयरवर घ्या. सोन्याचा मुलामा मात्र नको. त्याला बारीक छिद्र राहिलं की खालचं तांबं उलट जोरात गंजतं.

उद्यमबाग_बेळगाव: कोटिंगआधीची सफाई चुकली तर महागातलं इपॉक्सीही फुगतं अण्णा. बोटाचा घाम, फ्लक्सचे (सोल्डरिंगला लावतात ते रसायन) क्षार खाली राहिले की ते पाणी आत ओढतात आणि फोड येतात. कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, ६० अंशांवर चार तास वाळवा, पुढं हातमोजे घालूनच धरा. मग इपॉक्सीचे दोन पातळ हात, कडेला जरा जास्त. वरच्या सर्किटवर सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्याचं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर (वाळताना आम्ल न सोडणारं) मागा.

तपासणी: पुरतं वाळल्यावर कोटिंगचा भाग मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सप्लाय काढून मल्टिमीटरची एक पिन सेन्सरच्या ग्राउंडला (GND), दुसरी पाण्यात, २० मेगाओहम रेंज. काहीही आकडा आला तर छिद्र आहे.

निपाणी_ऊस: जुना कोटिंग करून परत वापरू?

उद्यमबाग_बेळगाव: हिरवं झालेला टाकून द्या. आत क्षार अडकलेत.

चिकोडी_सर्किट: कोटिंगनंतर कॅलिब्रेशन (कोरड्या आणि ओल्या मातीचे आकडे जुळवणं) नव्यानं करा, थर वाढला की संवेदनशीलता घटते. बोर्ड थेट दाबून रोवू नका, खड्यानं कोटिंग ओरखडतं. तेवढ्याच रुंदीच्या पोलादी पट्टीनं आधी चीर पाडा, त्याच मातीचा पातळ चिखल ओता आणि मग बोर्ड सरकवा. काळं रान भेगाळून बाजूला हवा राहिली तर उलट कोरडं दाखवेल. आणि कोटिंग पक्कं असलं तरी खत सोडल्या सोडल्या घेतलेला आकडा धरू नका. हा सेन्सर चालतो इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला मातीतले क्षारही ओल म्हणून मोजले जातात.