कुतुपालाँगच्या कॅम्पातली माणसं

एकांनी लिहिलंय की निर्वासितांच्या छावणीत काम केलं की माणूस नुसता खचून परत येतो. मला तसं नाही वाटलं. मी बांगलादेशात कॉक्स बझारजवळ कुतुपालाँगच्या रोहिंग्या कॅम्पात व्हॉलंटियर होते, २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून जास्त लोक म्यानमारमधून जीव वाचवून इकडे आले, डोंगरउतारावर बांबू-ताडपत्रीची खोपटी आणि पावसाळ्यात दरडीची धास्ती. पण त्याच खोपट्यांवर दुधी-भोपळ्याचे वेल चढवलेले, हातभर जागा मिळाली की गोणीत माती भरून मिरची लावलीच म्हणून समजा! वादळाचा इशारा आला की त्यांच्यातलेच ट्रेनिंग घेतलेले लोक झेंडे लावतात, मेगाफोन घेऊन गल्लोगल्ली फिरतात, म्हातारी माणसं नि गरोदर बायांना आधी हलवतात. एक बाई तर, नवरा तिकडेच मारला गेलेला, रेशन मोजकं तरी शेजारणीच्या पोरांनाही जेवायला बसवायची.

फक्त "किती कणखर लोक" म्हणून कौतुक करून थांबू नका हो, प्लीज. त्यांना रीतसर नोकरी करायची परवानगी नाही, आणि निधी आटला की पहिली कात्री रेशनला लागते, २०२३ मध्ये माणशी महिन्याला १२ डॉलरचे आधी १० आणि मग ८ झाले होते.