चार संध्याकाळी, एक पियानो : सोलापुरात चालेल का?

सातरस्ता (धागा काढणारा)

आमच्या दहा-बारा जणांच्या गटात गेले तीन रविवार एकच वाद चालू आहे. तो आता इथं चव्हाट्यावर आणतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्याला एक अशा पियानोच्या चार मैफली सोलापुरात करायच्या असं घाटतंय. नुसता पियानो आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, मध्येच साहेबांचं आगमन नाही.

नोव्हेंबरात मुंबईच्या एक ज्येष्ठ शिक्षिका बाखच्या १७२२ च्या संग्रहातले काही प्रिल्यूड-फ्यूग (छोट्या रचनांच्या जोड्या) वाजवतील. त्यानंतर मोझार्टचा तो सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना), ज्याच्या शेवटची 'तुर्की' चाल आपण सगळ्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकलेली आहे. डिसेंबरात गोव्याचा एक पंचविशीतला मुलगा, शोपँचे चोवीसच्या चोवीस प्रिल्यूड. जानेवारीत पुण्याचे एक वादक, शूबर्टचा शेवटचा सोनाटा. फेब्रुवारीत आपल्याच अशोक चौकातली एक मुलगी (सध्या बाहेर शिकते) आणि तिची मैत्रीण, एकाच पियानोवर चार हातांनी : शूबर्टची एफ मायनर फँटसी आणि ब्राम्सची हंगेरियन नृत्यं. यातलं एकही नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापावं असं नाही, हे आधीच सांगतो.

तिकीट ३००, चारही मैफलींचं १०००, विद्यार्थ्यांना ५०. पियानो पुण्याहून भाड्यानं आणायचा. भाडं, ट्रक, ट्यूनर (पियानोचे सूर लावणारा) धरून खर्च तिकिटातून निघणार नाही, देणग्या लागतील. गटातले निम्मे म्हणतात डिजिटल पियानोवर भागवा, निम्मे म्हणतात खरा ग्रँड (आडव्या तारांचा, मैफलीचा मोठा पियानो) नसेल तर करूच नका. बोला.

चाटीगल्ली

काय बोलूलालाव मालक! रोज पाणी येत नाही त्या गावात पियानो?

बरं, पाण्याचं सोडा, ते रडगाणं कशालाही लावता येतं. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. मागच्या वर्षी गावात ख्यालाची एक बैठक झाली. मी डोकी मोजली, त्रेचाळीस. त्यात तबलजीचे पाहुणे धरून. गायिका धारवाडकडची, आवाज असा की अंगावर काटा. पेढीवर पावतीपुस्तक घेऊन येणारे तुम्हीच, आणि पावती फाडणारे आम्हीच ठरलेले पाच-सात जण. आमच्या खिशातून पियानोला गेलेले पैसे पुढच्या ख्यालाच्या बैठकीतून वजा होणार. घरच्या म्हाताऱ्याला औषध नाही आणि पाहुण्याला बासुंदी, असा प्रकार आहे हा.

पेटीवाला

चाटीगल्ली, म्हाताऱ्याच्या औषधाचं मान्य. पण 'पाहुणा' शब्दावर थांबतो, कारण माझी चाळीस वर्षं अशाच एका पाहुण्यासोबत गेली.

पेटी युरोपातून आली. पायानं भाता मारायचं वाद्य होतं ते. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातानं भाता हलवायची सोय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी केली. नाटक कंपन्यांनी तर पायपेटीच्याही पुढं जाऊन ऑर्गन आणला. नारायणराव बालगंधर्वांच्या गाण्यामागचा ऑर्गन काढून टाका आणि मग नाट्यसंगीत आठवून दाखवा. आज नाट्यसंगीत 'आपलं' आहे की नाही?

आणि विरोध तेव्हाही होता, तोही मोठ्या माणसांचा. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. गंमत अशी की पेटीच्या विरोधात हिरिरीनं लिहिणाऱ्यांत आकाशवाणीतलाच एक इंग्रज संगीतकार होता, जॉन फोल्ड्स. साहेब म्हणतोय तुमच्या गळ्याला हे वाद्य शोभत नाही, आणि आपले गवई चोरून पेटीवर रियाज करतायत. एकतीस वर्षं! तेवढ्यात माझ्या गुरुजींची उमेद सरली.

कन्नाचौक

पेटीवाले काका, तुमचा दाखला चांगला आहे पण इथं बसत नाही. पेटी, ऑर्गन, व्हायोलिन हे सगळे पाहुणे आपल्याकडं आले आणि आपल्यासारखे बसायला शिकले. आमच्या घरात तेलुगू, गाणं कर्नाटक. व्हायोलिन तिकडं बालुस्वामी दीक्षितरांच्या काळापासून आहे. वादक खाली मांडी घालून बसतो, वाद्याचं टोक पायावर टेकवतो आणि बोटं तारेवरून सरकवून गमक काढतो. वाद्याला वळवून घेतलं म्हणून ते आपलं झालं.

पियानो वळत नाही. हातोडी तारेवर आपटली की सूर ठरला, त्यानंतर त्याला सुरावरून सुरावर सरकणारी मींड नाही, आंदोलन नाही, काही नाही. पुन्हा सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले. आपला कोमल गंधार त्यात कुठं शोधणार?

तरी मी या मैफलींच्या बाजूनं आहे, आणि याच कारणानं. सातरस्ता, एकच विनंती. 'पियानोवर यमन' असलं काही मधे घुसडू नका. त्या वाद्याला जे येतं ते ऐकू द्या. एका माणसाच्या दोन हातांत चार वेगवेगळ्या चाली एकाच वेळी चालतात, एकमेकींना अडवतात, वाट देतात. फ्यूग म्हणजे तेच. हे आपल्याकडं नाहीच. जे नाही ते ऐकायला जायचं. असलेलंच ऐकायचं तर घरी बसू की.

जुळेसोलापूर

मी आई म्हणून लिहिते. माझी मुलगी कीबोर्ड शिकते, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा देते. आमच्या क्लासमध्ये चाळीसेक मुलं आहेत आणि त्यांतल्या एकानंही खरा पियानो पाहिलेला नाही. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकतात. पियानोला ८८ असतात हे पुस्तकात वाचतात, जसं आपण भूगोलात फियॉर्ड वाचायचो.

पण म्हणूनच माझं म्हणणं, ग्रँडचा हट्ट सोडा. चांगला डिजिटल घ्या, त्याला ८८ पट्ट्या असतात, दाबाचा फरकही कळतो. टेम्पोत घालून चार शाळांत नेता येईल. ट्रकचं आणि ट्यूनरचं भाडं वाचलं की मुलांना फुकट बसवा. तीनशे रुपये देऊन येणारी माणसं मुंबईला जाऊनही ऐकू शकतात हो.

लक्ष्मीपेठ

सहा वर्षं मुंबईत वाद्यांच्या दुकानात नोकरी केली, म्हणून तोंड घालतो. ताई, डिजिटल वाईट नाही, घरी शिकायला उत्तम. पण मैफलीत तुम्ही स्पीकर ऐकणार, पियानो नाही.

एक प्रयोग सांगतो. ग्रँडवर मधला 'सा' इतका हळू दाबा की आवाजच होऊ नये, आणि पट्टी तशीच धरून ठेवा. आता खालच्या सप्तकातला 'सा' झटकन वाजवून सोडा. खालचा बंद होतो आणि न वाजवलेला वरचा 'सा' हवेत गुणगुणत राहतो. तंबोऱ्याच्या तारा जशा एकमेकींना जाग्या करतात तसं. पूर्ण पेडल दाबलं की सगळ्या म्हणजे सव्वादोनशेच्या वर तारा अशा मोकळ्या होतात. त्यांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास, तो पेलायला आत बिडाची चौकट. डिजिटलमध्ये याची नक्कल बसवतात, आणि ती चांगली असते, पण ती बाहेर पडते शेवटी ताटलीएवढ्या स्पीकरमधून. ग्रँडची नऊ फुटांची लाकडी फळी घुमते आणि विना माइक शेवटच्या रांगेपर्यंत जाते. सोलापुरात विना माइक कार्यक्रम शेवटचा कधी ऐकलात, सांगा. आपल्याकडं बारशालासुद्धा डॉल्बी.

काळजी हवेची घ्या. ट्रकमधून उतरवल्या उतरवल्या ट्यून करायचा नाही, आदल्या दिवशी आणून हॉलच्या हवेत ठेवायचा, मग सकाळी ट्यूनर बसवायचा. बऱ्याचशा सुरांना तीन-तीन तारा आहेत, दीड-दोन तास सहज जातात. त्या वेळात कुणी हॉलमध्ये खुर्च्या लावायला आलं तर ट्यूनर निघून जाईल आणि मी त्याची बाजू घेईन.

बाळीवेस

तुम्ही सगळे तारा मोजत बसा. जानेवारीची तारीख कुणी काढली? संक्रांतीच्या त्याच आठवड्यात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलेला असतो! होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, रबडीवाले, हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारे भोंगे. आणि इकडं तुमचा पुण्याचा वादक शूबर्ट वाजवणार. तो सोनाटा मी ऐकलाय. पहिल्या ओळी संपता संपता डावा हात पार खर्जात एक थरथर काढतो, इतकी हळू की दूर डोंगरापलीकडं गडगडल्यासारखी. त्या थरथरीवर 'काळा शर्ट घातलेला सहा वर्षांचा मुलगा' ऐकू आला की झालं.

दुसरं. चार अनोळखी कलाकारांपेक्षा पैसे साठवून एक नावाजलेला आणा. गावातली माणसं नावाला येतात. वॉर्सोची शोपँ स्पर्धा जिंकलेला कुणी आला तर कलेक्टरसुद्धा पहिल्या रांगेत.

सातरस्ता

गड्ड्याचं माझ्या डोक्यातूनच गेलं. सोलापूरकर म्हणून लाज वाटली. जानेवारीची मैफल फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी, चार हातांची फेब्रुवारीच्या शेवटी.

नावाजलेल्या कलाकाराबद्दल मात्र नाही. कलेक्टर पहिल्या रांगेत आले की त्यांच्या मागे दोन रांगा फोनवर बोलणारी माणसं येतात. शिवाय एक मोठी रात्र झाली की फोटो उरतात, सवय लागत नाही. नोव्हेंबरात जांभई देणारा माणूस फेब्रुवारीत पुढं सरकून बसतो का, हेच तर मला बघायचंय. आणि मोठ्या नावांनी लहान गावं टाळलीच पाहिजेत असंही नाही. रशियाचा नामवंत पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्टर १९८६ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, सहा महिने सायबेरियात फिरला. मैफलीचा हॉलही नाही अशा गावांत वाजवलं, दीडशेच्या आसपास कार्यक्रम. स्टेजवर एक दिवा, बाकी अंधार, म्हणजे लोकांनी त्याचं तोंड बघू नये.

डिजिटलचा प्रश्न माझ्यापुरता लक्ष्मीपेठनं सोडवला. जुळेसोलापूर ताई, ग्रँड आदल्या दिवशी येणारच आहे. ट्यूनिंग आटोपल्यावर दुपारी दोन तास तुमच्या चाळीस मुलांना फुकट. प्रत्येकानं ती न दाबल्यासारखी दाबायची पट्टी दाबून बघायची.

जुळेसोलापूर

चाळीस नाही, पालक धरून शंभर होतील. चपला बाहेर काढायला लावीन. डिजिटलचं माझं मत कायम आहे, शाळांसाठी वेगळं मागत राहणार.

चाटीगल्ली

एक विचारतो. टाळ्या वाजवायच्या नाहीत म्हणे मधे? दाद दिली की शेजारचा डोळे वटारतो, असं आमच्या पुण्याच्या जावयानं सांगितलं. खोकायला चिठ्ठी आणायची का डॉक्टरची? 'वाह' म्हणू न देणारी मैफल ही मैफल नव्हे, शोकसभा आहे.

पेटीवाला

हे शांततेचं खूळ फार जुनं नाही. मोझार्टनं १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं, त्यात तो खुशीत सांगतो की सिंफनीच्या (वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेच्या) मध्येच, अमुक जागेला लोक टाळ्या वाजवणार हे मला ठाऊक होतं, आणि वाजवल्या. बेथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग १८१३ मध्ये व्हिएन्नात पहिल्याच प्रयोगाला 'वन्स मोअर' झाला. आपल्या संगीत नाटकासारखाच.

पण चाटीगल्ली, शोपँच्या सातव्या प्रिल्यूडला काय करशील? सोळा बारांचं (आपल्या आवर्तनासारखे छोटे तुकडे) आहे, मिनिटभरात संपतं. तू 'वा' म्हणेपर्यंत आठवं चालू झालेलं असेल. चोविसांनंतर एकदाच उठ आणि घसा फाटेस्तोवर ओरड. त्यातलं चौथं आणि सहावं शोपँच्या अंत्यविधीला ऑर्गनवर वाजवलं होतं. ऑर्गनवर, बरं का. तेवढ्यासाठी डिसेंबरला मी येणार.

कन्नाचौक

आणि विलंबित ख्याल तासभर ऐकणाऱ्याला शूबर्टची चाळीस मिनिटं जड का जावीत, हे मला कुणी समजावून सांगा. त्याच्या पहिल्या भागाला तर घाई नावाची गोष्टच माहीत नाही.

चाटीगल्ली

माझं मत बदललेलं नाही. पियानोला एक रुपया देणार नाही, मार्चमध्ये ख्यालाची बैठक ठरवा, पाच हजाराची पावती आज फाडतो.

लक्ष्मीपेठ, तो ग्रँड किती वजनाचा असतो? आणि हॉलला मागच्या बाजूनं पायऱ्या आहेत हे कुणी बघितलंय का?

लक्ष्मीपेठ

नऊ फुटी कॉन्सर्ट ग्रँड पाचशे किलोच्या आसपास. पाय आणि पेडलचा सांगाडा काढायचा, कडेवर उभा करायचा, लाकडी घसरफळीवर पट्ट्यानं बांधायचा. खाली चाकं. पायऱ्यांना किमान सहा माणसं, आणि सहाही एका दमात उचलणारी. वर जाड घोंगड्या गुंडाळाव्या लागतात, पॉलिशला ओरखडा आला तर भाड्याएवढा दंड.

चाटीगल्ली

पायऱ्या अकरा आहेत, आत्ता जाऊन मोजल्या. मधे काटकोनात वळण आहे. ट्रकवाल्याच्या पोरांना जमणार नाही ते.

आमच्या गोदामावरचे आठ जण देतो. गाठी उचलणारे आहेत, एकाच्या 'हां' वर बाकीचे उचलतात. घोंगड्या कशाला आणता, चादरी पाठवतो. डबल बेडच्या दहा, जाड विणीच्या. परत पाहिजेत, धुऊन.