काकांना वास येईनासा झाला होता (घरच्या ग्रुपवरचे मेसेज)

आत्या: तीन आठवडे झाले, डोकं दुखतंय. संध्याकाळी जास्त, दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं. काल रात्री मोबाईलवर वाचत बसले आणि झोपच उडाली. ब्रेन ट्यूमर तर नसेल ना गं?

ताई: आत्या, आधी सांग. उलट्या होतात का? अंधुक दिसतं? हातापायात जोर कमी वाटतो, बोलताना शब्द सापडत नाही असं काही?

आत्या: नाही गं, यातलं काहीच नाही.

ताई: मग घाबरू नकोस. असं आवळल्यासारखं दुखणं बहुतेक वेळा ताणाचं असतं. ट्यूमर असताना फक्त डोकं दुखतंय आणि बाकी काहीच नाही, असं आमच्या वॉर्डात क्वचित दिसतं. पण तुझी पन्नाशी उलटलीय आणि हे दुखणं नवीन आहे. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी अंगावर काढायची नाही, तिची इतरही कारणं असतात. या आठवड्यात दाखवून ये.

दादा: ट्यूमरचं दुखणं वेगळं असतं का?

ताई: दाबाचं असेल तर पहाटे किंवा उठल्या उठल्या जास्त असतं. वाकलं, खोकलं, जोर केला की वाढतं. कवटी पक्क्या हाडाची, आत जादा जागा नाही. त्यात गाठ आणि तिच्याभोवतीची सूज आली की दाब वाढतो, आणि आडवं झाल्यावर आणखी. कधी मळमळ नसताना एकदम उलटी होते. पण खरं लक्ष ठेवायचं ते दुखणं दर आठवड्याला वाढतंय का, यावर.

काकू: यांचं डोकं एकदाही दुखलं नव्हतं.

काकू: ऑपरेशन झालं एवढंच तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीचं दीड वर्ष मी कुणाला सांगितलं नाही. आधी वास जायला लागला. गॅसवर भांडं करपून घरभर धूर, आणि हे शेजारीच पेपर वाचत बसलेले. मला वाटलं सर्दी. मग बोलणं कमी झालं. बिलं भरायची राहायला लागली, आंघोळीलासुद्धा मागे लागावं लागायचं. मी चिडायचे. निवृत्तीनंतर आळशी झालात, असं किती वेळा बोलले असेन. ते नुसतं बघायचे, उलट उत्तरही नाही. पूर्वीचे हे गप्प बसले असते का?

आत्या: वहिनी, माझा हा भाऊ मला दोनदा फोन करतो म्हणाला आणि विसरला. मला राग आला होता त्याचा.

काकू: चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी दिसेना. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून आत पाहिलं आणि म्हणाल्या, डोळ्याची नस सुजलीय, आजच एमआरआय करा. कपाळामागे, नाकाच्या मुळाच्या वर गाठ निघाली. मेनिंजिओमा. मेंदूच्या आवरणातून वाढते ती, कॅन्सरची नव्हती. गाठ काढल्यावर महिन्याभरात हे पुन्हा माझ्याशी वाद घालायला लागले. वास मात्र परत आला नाही.

ताई: काकू, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ अशीच गुपचूप वाढते, माणसाचा स्वभाव बदलतो आणि त्याचं त्याला कळत नाही. जागेप्रमाणे लक्षण बदलतं. ऐकण्याच्या नसेवर गाठ असेल तर एकाच कानाने कमी ऐकू येतं, कानात आवाज येतो. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिची गाठ वाढली तर दोन्ही बाजूंचं कडेचं दिसेनासं होतं, चालताना दाराच्या चौकटी लागतात. लहान मेंदूत असेल तर तोल जातो.

छोटी: आणि मोबाईलमुळे होतो म्हणतात ते?

ताई: 2011 मध्ये मोबाईलमधून निघतात त्या रेडिओलहरींना 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात टाकलं होतं, तेव्हापासून ही भीती आहे. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि ब्रेन ट्यूमरचा संबंध दिसला नाही.

दादा: माझ्या ऑफिसात एकाला फिट आली तेव्हा सगळे नुसते ओरडत होते. काय करायचं असतं?

ताई: कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. 5 मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली असेल तर तो लगेच शुद्धीवर आला तरी त्याच दिवशी हॉस्पिटल. एकाच हाताला मिनिटभर झटके येणं हीसुद्धा फिट असू शकते, हे लोकांना माहीत नसतं. आणि एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला तर तो स्ट्रोक धरूनच पळायचं, ट्यूमर की काय याचा विचार तिथे करत बसायचा नाही.

आत्या: उद्या अकराची वेळ मिळाली.

ताई: कधी दुखतं, किती वेळ, कोणती गोळी घेतलीस, सगळं कागदावर लिहून ने. आणि एकटी जाऊ नकोस.

काकू: वन्सं, मी येते तुमच्याबरोबर. साडेदहाला खाली थांबा.