विश्वाची ‘सीमा’, ‘शीव’ की ‘क्षितिज’?

शब्दवेडा : विज्ञान प्रदर्शनाच्या फलकासाठी वाक्य हवे आहे. ‘विश्वाची सीमा 4,650 कोटी प्रकाशवर्षांवर आहे’ हे चालेल का? ‘सीमा’ खटकते, पण मर्यादा, कड, शीव यांतला नेमका कुठला घ्यावा?

कुणगा : आकडा बरोबर, शब्द चुकला. शीव म्हटली की तिच्यापलीकडे दुसरा गाव आलाच. मेर, म्हणजे शेताचा बांध, म्हटली की अलीकडे आपला कुणगा (भातशेताचा तुकडा), पलीकडे शेजाऱ्याचा. 4,650 कोटींवर असा कुठलाही बांध घातलेला नाही. तिथवरचाच प्रकाश आजपर्यंत आपल्याकडे पोचणे शक्य होते, इतकाच त्याचा अर्थ. त्याला शब्द एकच, ‘क्षितिज’. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर वाळूत उभे राहिलो आणि डोळे पाण्यापासून 1.6 मीटर उंच असले, तर क्षितिज सुमारे 4.5 किलोमीटरवर असते. 80 मीटर उंचीवरून बघा, ते 32 किलोमीटरवर जाते. दर्या दोन्ही वेळा तेवढाच. त्या रेषेवरच्या ट्रॉलरवाल्याला तर तुम्हीच त्याच्या क्षितिजावर दिसाल.

शब्दवेडा : पटले. पण विश्वाचे वय 1,380 कोटी वर्षे. मग अंतर 1,380 कोटी प्रकाशवर्षांहून जास्त कसे?

ताम्रसृती : वयाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की ही चूक होते. वाट स्थिर असेल तरच तो गुणाकार लागू. इथे प्रकाश चालत असताना वाटच ताणली जाते. सर्वांत जुना प्रकाश म्हणजे सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण (आकाशात सर्व दिशांनी येणारे मंद प्रारण), महास्फोटानंतर सुमारे 3.8 लाख वर्षांनी सुटलेले. ते जिथून निघाले ती जागा तेव्हा आपल्यापासून जेमतेम 4.2 कोटी प्रकाशवर्षांवर होती. आज तीच जागा 4,500 कोटींच्या पलीकडे गेली आहे. अंतरे तेव्हापासून सुमारे 1,100 पट झाली.

फलकावर ‘विश्व फुगते’ लिहू नका बाब. फुगणाऱ्या वस्तूला मध्य असतो, बाहेरची हवाही असते. ‘अवकाशाचे प्रसरण’ लिहा. (‘जेवायला अजून अवकाश आहे’ मधला अवकाश वेगळा, हे मुलांना सांगावेच लागते.)

आणखी एक. ‘कोट्यवधी प्रकाशवर्षांपूर्वी’ ही चूक छापील मजकुरातही सापडते. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर.

शब्दवेडा : ‘93 अब्ज’ असाही आकडा दिसतो.

कुणगा : तो व्यास. 1 अब्ज म्हणजे 100 कोटी, म्हणून 9,300 कोटी प्रकाशवर्षे. त्रिज्या निम्मी. फलकावर दोन्ही आकडे आले तर ‘त्रिज्या’, ‘व्यास’ हे शब्द लिहाच, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल एक आकडा खोटा.

पैलतीर : ‘अनंत’चाही घोळ निस्तरा. गणितात सान्त (अंत असलेले) आणि अनंत ही जोडी आकारमानाची. असीम म्हणजे कड नसलेले. दोन्ही एकच नव्हेत. पृथ्वीचा पृष्ठभाग सान्त आहे, सुमारे 51 कोटी चौरस किलोमीटर, पण चालत राहिलात तर कड कुठेच लागत नाही. आइनस्टाइनने 1917 साली मांडलेले विश्व याच जातीचे होते, सान्त तरी असीम. आजच्या मोजमापांत अवकाश जवळजवळ सपाट, म्हणजे वक्रता नसलेले, दिसते, पण त्यावरून ते अनंत आहे असे सिद्ध होत नाही. म्हणून ‘अनंत विश्व’ हे कवितेत ठेवा.

‘ब्रह्मांड’ही टाळा. अंड म्हटले की टरफल आले. ‘विश्व’चा जुना अर्थ ‘सगळे’, विश्वेदेव म्हणजे सगळे देव. तो बरा. ‘अपार’ मात्र मला आवडतो. पार म्हणजे पलीकडचा काठ. पणजीच्या धक्क्यावरून मांडवी नदीचा पार दिसतो, बेती गाव. दर्याचा दिसत नाही.

ताम्रसृती : ‘अपार’ शीर्षकाला चालेल, आकड्याला नको. आणि ‘निरीक्षणक्षम विश्व’ अचूक असले तरी मुलांच्या जिभेवर बसत नाही. ‘दृश्य विश्व’ घ्या, मात्र खाली लिहा की रेडिओ आणि सूक्ष्मलहरीही यात धरल्या आहेत, नाहीतर ‘दृश्य प्रकाशा’शी गल्लत होते.

शब्दवेडा : मग असे करतो : ‘दृश्य विश्वाचे क्षितिज आपल्यापासून आज सर्व दिशांना सुमारे 4,650 कोटी प्रकाशवर्षांवर आहे.’

कुणगा : ‘आज’ ठळक अक्षरांत.