मदत हवी आहे: सोलापुरात जुने कागद बघायची एक दिवसाची सहल

नमस्कार मंडळी,

आमच्या अपार्टमेंटमधले बारा-पंधरा जण (पाच पोरं सहावी-सातवीतली, दोन आज्या, बाकी आम्ही) एक दिवस गावातच फिरायचं म्हणतोय. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर सगळ्यांचं झालंय. या खेपेला जुने कागद बघायचेत.

खूळ ट्रंकेतून निघालं. आजोबा जुन्या गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्यांखाली एक मोडीतलं गहाणखत सापडलं. घरात कुणालाच वाचता येईना. मुलगा म्हणाला, "असले कागद अजून कुठं असतात?" मी गप्प.

भुईकोट आणि भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक धरलंय. चार हुतात्मा चौकात थांबणारच. पण पुतळ्यापाशी पोरांना काय सांगायचं? १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा यांना फाशी दिलं, एवढं आम्हीही शाळेत घोकलंय. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला तेव्हाचा एखादा हुकूम, एखादं वर्तमानपत्र डोळ्यांनी दिसलं तर गोष्ट वेगळी.

म्हणून विचारतो. हिराचंद नेमचंद वाचनालयात जुने अंक एवढ्या घोळक्याला दाखवतात का? आधी पत्र द्यावं लागतं का? सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद, म्हणजे पोरांची शाळा बुडवावी लागणार काय? मागं एका कचेरीत चौकशी केली, तर "कशाला पाहिजे?" हाच प्रश्न तीन टेबलांवर ऐकला. आणि मोडी वाचणारं कुणी तासभर येईल का? चहा-नाष्टा आमच्याकडून, शेंगा चटणीसकट.

प्रतिसाद

दादा, पंधरा जण घेऊन थेट दफ्तरात जाऊ नका. तिथं नुसतं "जुनं काहीतरी दाखवा" चालत नाही, साल आणि विषय सांगावा लागतो. आधी तुम्ही एकटे जा, दोन-चार कागद हेरून ठेवा, मग पोरांचं विचारा. पेशवे दफ्तर बघायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार गाठावं लागेल, ती वेगळी सहल.

रविवारीच जमत असेल तर दक्षिण सोलापुरातलं हत्तरसंग कुडल घ्या. भीमा-सीनेच्या संगमावर संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. दगडाला सुट्टी नसते! "वाछि तो विजेया होईवा", वाचेल तो विजयी होईल. अक्षरं देवनागरी आहेत, पोरांना बोट फिरवू न देता लावायला सांगा.

गहाणखताला लॅमिनेशन मात्र करू नका हं. आमच्याकडचं एक तसंच वाया गेलं.

धागाकर्ता

बापरे, लॅमिनेशनवाल्याकडे उद्या जाणारच होतो! कुडल पक्कं. वाचनालयाचं कुणाला माहीत असेल तर सांगा की.