प्रशिक्षण शंभर टक्के पूर्ण होते, तरी कामात मन का लागत नाही?

प्रश्न (मनुष्यबळ विभाग, अंधेरी पूर्व):
नमस्कार. एमआयडीसीतील एका पॅकेजिंग कंपनीत मी प्रशिक्षणाचे काम पाहते. आमचे सक्तीचे ऑनलाइन अभ्यासक्रम जवळजवळ सगळे जण पूर्ण करतात. मात्र वार्षिक सर्वेक्षणात 'मला येथे नवे काही शिकायला मिळते' या विधानाला सर्वांत कमी गुण पडतात आणि चांगली माणसे सोडून जाताना हेच कारण सांगतात. प्रत्यक्ष वर्ग आम्ही सायंकाळी सहानंतर, पाळी सुटल्यावर घेतो. नेमके काय बदलावे?

उत्तर १ (प्रशिक्षक, ठाणे):
आधी वेळ बदला. ज्याला विरार किंवा कल्याण गाठायचे आहे, त्याचे लक्ष सहानंतर फळ्याकडे नव्हे, घड्याळाकडे असते. दुसरे म्हणजे, अमेरिकी प्रशिक्षणतज्ज्ञ डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले: प्रतिक्रिया, शिकणे, वर्तनातील बदल आणि परिणाम. 'अभ्यासक्रम पूर्ण' ही नोंद यांपैकी पहिल्या स्तरालाही पोहोचत नाही, आणि तरीही बहुतेक कंपन्यांचा अहवाल तिथेच थांबतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर २ (लाइन सुपरवायझर, तुर्भे):
मी पाऊच सीलिंगच्या लाइनवर असतो. सीलिंग जॉचे, म्हणजे पाऊच दाबून चिकटवणाऱ्या गरम जबड्याचे, तापमान जास्त झाले तर फिल्म जळते, कमी पडले तर पाऊच उघडतो. हे पडद्यावर कितीही वेळा दाखवले, तरी नवीन मुलाला ते कळते तेव्हा, जेव्हा जुना ऑपरेटर त्याच्या हातात बिघडलेला पाऊच देऊन 'कुठून सुटला ते सांग' असे विचारतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी कारखान्यांत रुजलेली पद्धत हीच आहे: शिकणाऱ्याची तयारी करून घ्यावी, काम करून दाखवावे, त्याच्याकडून करून घ्यावे आणि नंतर मागोवा ठेवावा. आमच्याकडे शिकवणाऱ्या ऑपरेटरला पाळीतला अर्धा तास मोकळा मिळतो आणि तेवढे उत्पादन त्याच्या टार्गेटमधून वजा होते. ही वजाबाकी नसेल, तर शिकवणे त्याला ओझेच वाटणार. शिकवायला लागल्यापासून आमचे जुने लोकही कामात अधिक रस घेऊ लागले आहेत.

उत्तर ३ (अनुपालन अधिकारी, वांद्रे):
सक्तीचे सगळेच बंद करता येणार नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार जागृती कार्यशाळा ठरावीक काळाने घ्याव्याच लागतात. मात्र त्यांची नोंद कौशल्य प्रशिक्षणापासून वेगळी ठेवा.

प्रश्नकर्ती:
आभार. उत्पादन व्यवस्थापकांकडे एका लाइनपुरता अर्धा तास मागते, आणि पुढच्या सर्वेक्षणात त्याच लाइनचे गुण वेगळे काढून पाहते.